पाठातला आवाज

अनुभवपाठ केंद्राच्या चाचणीखोलीत बारखारचे काठप्रमुख निनाद घरत आले आणि रिकाम्या खुर्च्यांपैकी नेमक्या सगळ्यात लांबच्या खुर्चीवर जाऊन बसले. आपण असं का केलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मृण्मयी म्हात्रेला ठाऊक होतं. गेली कित्येक वर्षं माणसं तिच्यापासून अशीच लांब बसत आली होती, आणि त्या बिचाऱ्यांचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

बारखार हे काही जुनं गाव नव्हे. समुद्र चढत गेला तशी खाडीकाठची बारा गावं एकामागून एक उठली आणि एकाच भिंतीआड येऊन राहिली. भिंतीला लोक जुन्या सवयीनं काठच म्हणत आणि तो राखणाऱ्या, म्हणजे पर्यायानं गावाचा कारभार पाहणाऱ्या माणसाला काठप्रमुख. दर पाच वर्षांनी गाव तो निवडायचं. सुरुवातीचे दोघे बोलायला साखर आणि करायला शून्य निघाले. दुसऱ्याच्या कारकिर्दीत काठाला खांड गेली, भिंत फुटली, आणि पूर्वेची दोन गावठाणं पाण्याखाली गेली. काठ कच्चा आहे हे त्या गृहस्थाला महिनाभर आधी कळलं होतं. त्यानं ते पोटात ठेवलं, कारण निवडणूक जवळ आली होती.

रडून झाल्यावर लोक म्हणाले, आपणच निवडला होता की! मग गावानं ठरवलं की पुढारी कसा निवडावा हे लहानपणीच शिकवायचं. पण शिकवायचं कसं? ‘गोडबोल्यापासून सावध राहा’ हे पुस्तकात वाचून आजवर कुणी शहाणं झालेलं नाही. त्यासाठी ठेच लागावी लागते. आणि पुढाऱ्याच्या बाबतीत ठेच लागते तेव्हा गाव बुडालेलं असतं. तेव्हा ती ठेचच शाळेत द्यायची, असा उपाय तरुण मृण्मयीनं आणि तिचे सहकारी डॉक्टर केणी यांनी काढला. त्याचं नाव अनुभवपाठ.

तिसरीतल्या मुलाच्या डोक्यावर एक स्मृतिटोप चढवायचा. मुलं त्याला टोपडं म्हणत. ते घालून मूल एका दुपारी अख्खं एक वर्ष जगून येई. पाठातल्या त्या गावात तीन उमेदवार असत. एक होती माई. लाघवी, मायाळू, कशालाही ‘नाही’ न म्हणणारी. बहुतेक मुलं तिलाच निवडत. कुणी काही शंका काढली की माई म्हणे, “काळजी करू नका, मी आहे ना!” वर्ष सरता सरता पाणी येई, आणि मुलाचा पाठातला धाकटा भाऊ त्याच्या हातातून सुटून वाहून जाई. टोपडं काढलं की मूल धाय मोकलून रडे. बाई त्याला जवळ घेत, गूळपोळी देत, हे खरं नव्हतं म्हणून समजावत. ते खरं नव्हतं हे मुलाला पटे. दुःख मात्र खरंच झालेलं असे.

“म्हणजे तुम्हाला पाठ बदलायचाय,” घरत म्हणाले. ते अडतिशीचे होते, टोपडं घातलेल्या पहिल्या पिढीतले. अत्यंत सरळ माणूस.

“पाठ तोच राहील. फक्त माईचा आवाज बदलायचाय,” केणी म्हणाले. बोलायचं काम नेहमी केणीच करत. मृण्मयी बाजूला गप्प बसे. “आत्ताचा आवाज एका खऱ्या बाईचा आहे. नवा कुणाचाच नाही, यंत्रानं घडवलेला आहे.”

“त्यानं काय फरक पडतो?”

“सांगतो. जो वाईट बातमी लपवतो, चूक कबूल करत नाही, तो पुढारी नको, हे मुलानं शिकावं एवढीच आपली अपेक्षा होती. ते मुलं शिकली. पण आठव्या वर्षी मेंदूत माणूस आणि त्याची करणी यांचे कप्पे पुरते वेगळे झालेले नसतात. भाऊ गेल्याचं दुःख माईच्या करणीला चिकटतं तसंच तिच्या आवाजालाही चिकटतं. किंबहुना आवाजाला जास्त. कारण मेंदूचा तो भाग फार जुना आहे. बाळ आईचा आवाज पोटात असतानाच ओळखू लागतं ना, ते त्याच्याच जोरावर.”

“आणि ते सुटत नाही?”

“एकदा मुरलेल्या लोणच्यातलं मीठ काढून दाखवा, मग हेही काढता येईल.”

घरत म्हणाले, “इतका वाईट आवाज घेतला तरी कशाला?”

“वाईट?” केणी हसले, पण त्या हसण्यात काही जीव नव्हता. “साहेब, शेकडो आवाज मुलांना ऐकवले होते. सगळ्यात विश्वासाचा कुठला, ते मुलांनीच सांगितलं. विश्वास बसल्याशिवाय माईला निवडतील कशी? ह्या आवाजाकडे मुलं अक्षरशः धावत सुटली होती.”

“ती बाई आहे अजून?”

“आहे,” केणी म्हणाले आणि त्यांनी मृण्मयीकडे मुद्दाम पाहिलं नाही. आवाज कुणाचा हे गुपित ठेवायचं, म्हणजे मुलं आधीच बुजणार नाहीत, असा केंद्राचा पहिल्यापासूनचा नियम होता.

घरतांची मान होकारार्थी हलू लागली होती. इतक्यात मृण्मयीला राहवलं नाही. “एवढं कराच, साहेब,” ती म्हणाली. “येत्या महिन्यात नव्या तुकडीचा पाठ आहे. त्याच्या आत झालं तर फार उपकार होतील.”

घरतांची मान थांबली. त्यांनी खुर्चीत अंग चोरलं. “ठेवू या सभेपुढे,” ते म्हणाले. “पण घाई नको. बघू.” आणि ते निघून गेले.

“झालं समाधान?” केणी म्हणाले. “हजारदा सांगितलं तुला, तोंड उघडू नकोस. गेल्या निवडणुकीत तू कोळीवाड्यातल्या त्या चांगल्या माणसाची शिफारस केलीस, तर त्याची अनामत जप्त झाली. मंडईत तू वांगी ताजी आहेत म्हणालीस तर लोक उचललेली वांगी परत ठेवतात.”

मृण्मयी हसली. मग तिचं हसू आपोआपच विरलं. नव्या तुकडीत तिची नात होती.

मृण्मयीची मुलगी गोदा. आजकाल पुन्हा गोदा, यमुना अशी नावं ठेवायची टूम निघाली होती, त्यातलं हे नाव. पाठाच्या दुसऱ्याच वर्षी गोदानं टोपडं घातलं. आवाजाचा असा काही परिणाम होईल हे तेव्हा कुणालाच, अगदी मृण्मयीलाही ठाऊक नव्हतं. शाळेतून मुलगी रडून आली तेव्हा तिनं दारातच हात पसरले आणि कुठलीही आई म्हणेल तेच म्हटलं, “ये गं बाळा, मी आहे ना!” गोदा किंचाळली. वडिलांच्या मागे जाऊन लपली. त्या रात्री ती आईजवळ झोपली नाही आणि नंतरही कधी झोपली नाही.

मोठी झाल्यावर मृण्मयीनं तिला सगळं सांगितलं. गोदा परिचारिका झाली होती, मेंदूचं तिला समजत होतं. “कळतं गं आई,” ती म्हणाली, “पण कळून वळत नाही.” मग मायलेकींनी मिळून एक तोड काढली. कुजबुजताना गळ्यातल्या तारा कंप पावत नाहीत, त्यामुळे कुजबुजीत माणसाचा आवाज असा उरतच नाही, नुसते शब्द उरतात. तेव्हापासून मृण्मयी लेकीशी फक्त कुजबुजत बोले. भाजी काय करू हेही कुजबुजत, आणि जावई अपघातात गेले तेव्हाचं सांत्वनही कुजबुजतच. कुजबुजीत का होईना, लेक परत मिळाली होती. आईवर तिचा जीव होता, आणि अंगावर येणारा शहारा हा पाठाचा दोष, आईचा नव्हे, हे ती स्वतःला रोज बजावत असे.

नातीचं मात्र तसं नव्हतं. सात वर्षांची मंजुळा, म्हणजे मंजी, आजीच्या आवाजावर लट्टू होती. गोदा कामाला गेली की घरात आजीचा मोकळा, खणखणीत आवाज घुमे. गोष्टी होत, गाणी होत, भांडणंसुद्धा मोठ्यानं होत. आई घरी आली की आजी कुजबुजू लागते हा मंजीला एक खेळच वाटे. ह्या पोरीनं टोपडं घालण्याआधी त्यातला आपला आवाज गेला पाहिजे, एवढीच आता मृण्मयीची इच्छा उरली होती. एक गेली ती गेली, दुसरी जाऊ नये.

आवाजाचा ठराव सभेपुढे यायचा, त्याच्या आधीच काठ बोलला.

काठाच्या पोटात भित्तिश्रवणी बसवलेली होती, भिंतीच्या आतली कुरकुर ऐकणारं यंत्र. जुन्या गावठाणामागे तळातून माती निघून चालली आहे असं तिनं कळवलं. अमावास्या तोंडावर आली होती, उधाणाच्या जोडीला वादळ येणार होतं. घरतांनी एक तासही न दवडता गाव गोळा केलं आणि सगळं खरं खरं सांगितलं. पाठाची ही पुण्याई खरीच. त्यांच्या जागी पूर्वीचा कुणी असता तर लोकांना कळलं असतं ते गळ्याशी पाणी आल्यावर.

“दोन वाटा आहेत,” घरत म्हणाले. “उघाड्या, म्हणजे पाण्याची दारं, आजच उघडायच्या. खाडीचं पाणी आपणहून आत घ्यायचं. दोन्हीकडून पाणी असलं की काठावरचा भार कमी होतो, लाट आली तरी अंगावर कोसळणार नाही. पण शेतं खारावतील, खालच्या आळ्यांतली घरं जातील आणि आपल्याला डोंगरावरच्या छावणीत जावं लागेल. कधी परत येऊ ते माहीत नाही. दुसरी वाट, उघाड्या बंद ठेवून काठ राखायचा. काठ टिकेल ही आशा चारांत एक.”

“तुम्हाला काय वाटतं?” कुणीतरी विचारलं.

“मला खात्री नाही,” घरत म्हणाले. “तुम्ही ठरवा.”

आता ह्या पाठाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माई प्रत्येक गोष्ट छातीठोकपणे बोलायची. त्यामुळे छातीठोकपणे बोलणारा कुणीही माणूस बारखारच्या तरुणांना खोटारडा वाटू लागला होता. ‘मला खात्री नाही’ हे प्रामाणिकपणाचं बिरुद झालं होतं. चांगली माणसं निवडून येत, पण ती हात धरून कुणाला ओढत नसत. कुणी ओढायला लागलं तर लोक त्याचाच हात झिडकारत. उघाड्या उघडा असं ठासून सांगणारा त्या सभेत एकही निघाला नाही. केणी बोलले, पण पुस्तकी बोलले.

आणि माणूस आपण होऊन घर सोडत नाही. त्यातून ही मंडळी खाडीची. काठाला खांड गेली की घरटी एक माणूस चिखलाची पाटी घेऊन धावत सुटायचा, सगळं गाव खांद्याला खांदा लावून भर घालायचं. ह्याला जोळ म्हणत. जोळीचा अभिमान त्यांच्या रक्तात होता. “आमच्या आज्यानं चिखलाच्या पाट्यांनी दर्या अडवला,” आगरआळीतला एक आडदांड तरुण म्हणाला, “आणि आमी पळायचं?” टाळ्या पडल्या. चारांतला तो एक सगळ्यांना दिसत होता, उरलेले तीन कुणाला दिसेनात. अंदाज घेण्यासाठी हात वर करायला सांगितले, तेव्हा पाऊण सभा राहायच्या बाजूची निघाली. शेवटचा कौल दुसऱ्या दिवशी सकाळी होता. त्याआधी ज्याला बोलायचं असेल त्यानं बोलावं, अशी रीत होती.

घरी आल्यावर मृण्मयीनं गोदाच्या कानाशी जाऊन सांगितलं, “कौल काहीही लागो, तू मंजीला घेऊन डोंगरावर जा. आजच जा. काठ राहणार नाही.”

“गाव राहणार नि मी एकटी पळू?” गोदा म्हणाली. “दवाखाना कोण बघेल? उद्या काय ठरतंय ते ठरू दे. सगळ्यांचं होईल ते माझं होईल.” आणि तिनं मंजीच्या डोक्याला तेल लावायला घेतलं. तिच्या आवाजात जरासाही तोरा नव्हता. मृण्मयीला लेकीचा अभिमान वाटला, आणि भीतीही.

ती केंद्रात आली. केणी तिथंच होते, खुंट्यांवर टांगलेल्या टोपड्यांच्या ओळीखाली बसून.

“मी बोलू का उद्या?” तिनं विचारलं. “उघाड्या उघडा म्हणून?”

“तू? उरलेला पाव भागही राहायच्या बाजूला जाईल.”

“कुजबुजून?”

“कुजबुजून कुणी गाव हलवलंय?” केणी वैतागून म्हणाले. “उलट एक कर. तू उभी राहा आणि सांग, राहा, काठ मजबूत आहे, मी आहे ना. गाव चपला न घालता डोंगर चढेल.”

ते थट्टेत म्हणाले होते. पण म्हणून झाल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“चालेल का हे?” तिनं विचारलं.

“तूच बनवलाय पाठ. मला काय विचारतेस?” केणींचा स्वर उतरला होता. “चाळिशीच्या आतलं सगळं गाव टोपड्याखालून गेलंय. तुझा आवाज आणि माईची भाषा, दोन्ही एकदम कानावर पडलं तर त्यांचं अंगच निर्णय घेईल, डोकं मागून येईल. पण मृण्मयी, त्यानंतर आवाजाच्या ठरावाचं नाव काढता यायचं नाही. पाठानं गाव वाचवलं, असंच होईल ना ते? चालत्या गाड्याला खीळ कोण घालेल?”

“हो.”

“मग मंजीचं काय?”

मंजी जिवंत असेल, एवढंच उत्तर होतं, आणि ते मृण्मयीला तोंडानं म्हणवेना.

सकाळी सभामंडप गच्च भरला होता. मृण्मयी म्हात्रे बोलायला उभी राहते आहे हे पाहून थोडी कुजबुज झाली, कारण इतक्या वर्षांत ती कधी सभेत बोलली नव्हती. ती पाणी प्यायली. मग ज्या आवाजात ती नातीला गोष्टी सांगे, त्याच आवाजात ती बोलू लागली.

“माझ्या लेकरांनो,” ती म्हणाली, “कसली एवढी चिंता लावून घेतली आहे तुम्ही? काठ पोलादासारखा आहे. यंत्रं काय, कुरकुरायचीच! घरदार सोडून डोंगरावर जाऊन काय दगड खायचे? स्वस्थ झोपा. काही होत नाही.”

चारांत एक हा आकडा तिनं चुकूनही उच्चारला नाही. शंका विचारायला उठलेल्या एका शिक्षिकेला तिनं हसून, लाडानं खाली बसवलं. माईची सगळी वाक्यं एके काळी तिनंच लिहिली होती. आठवावी लागली नाहीत. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, ज्यांनी टोपडं कधी घातलं नव्हतं, त्यांनी खूश होऊन माना डोलावल्या. पण बाकीचा मंडप गार पडत चालला होता. कालचा तो आडदांड तरुण पांढराफटक पडला होता आणि त्यानं शेजारच्या पोराला गच्च धरून ठेवलं होतं. तिसऱ्या रांगेत गोदा होती. तिनं मंजीला छातीशी ओढलं होतं आणि ती आईकडे अशी पाहत होती, जशी त्या दिवशी दारात पाहत होती.

मृण्मयीनं तिच्यावरून नजर काढून घेतली. नाहीतर पुढचं वाक्य तिला म्हणता आलं नसतं.

“काळजी करू नका,” ती म्हणाली. “मी आहे ना.”

एक बाई हुंदका देऊन उठली आणि बाहेर चालू लागली. तिच्यामागे दुसरी उठली. कौल मोजायचीही गरज पडली नाही. दुपारी उघाड्या उघडल्या, आणि भरल्या शेतांतून पाणी शांतपणे चढत येत असताना बारखार डोंगराच्या वाटेला लागलं. सगळ्यात मागे मृण्मयी आणि केणी होते. त्यांच्या जवळपास कुणी चालत नव्हतं.

अमावास्येला उधाण आलं. जुन्या गावठाणामागचा काठ पाण्याच्या माऱ्यानं गेलाच. पण आत आधीच पाणी होतं. लाट पसरली आणि विरली. घरं पडली, देऊळ पडलं, माणूस एकही गेला नाही. डोंगरावरून सगळं गाव ते पाहत होतं. कुणीतरी म्हणालं, “त्या बाईचं ऐकलं असतं तर?”

छावणीतल्या पहिल्याच सभेत घरत उभे राहिले. “आपल्याला पाठानं वाचवलं,” ते म्हणाले. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. “लहानपणी ते दुःख भोगलं म्हणून आज खरं दुःख टळलं. आवाज बदलण्याचा ठराव मी मागे घेतो. पुढच्या प्रत्येक मुलाला हाच पाठ मिळाला पाहिजे, जसाच्या तसा.” मंडपभर हात वर झाले.

केणी ताडकन उठले. मृण्मयीनं त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

“सोड मला,” बाहेर आल्यावर ते म्हणाले. “मी सांगणार सगळं. आता तर पाणीही येऊन गेलं.”

“काय सांगशील? मी मुद्दाम खोटं बोलले म्हणून? हरल्यावर सगळेच म्हणतात, मुद्दाम हरलो.” ती दमून एका दगडावर टेकली. “आणि समज पटलं त्यांना. मग काय कळेल? की त्यांनी काही निवडलंच नाही, एका म्हातारीनं भीती दाखवून त्यांना हाकललं. घर गेलं, शेत गेलं त्यांचं. आपण शहाणपणानं वागलो, एवढीच पुंजी आहे त्यांच्याकडे. ती काढून घेऊ?”

म्हाताऱ्या माणसानं रडू नये अशी काही रीत नाही, केणी रडले.

चारसहा दिवसांनी दुपारची गोदा आली. मृण्मयी तंबूबाहेर बसून मंजीच्या वेण्या घालत होती. लेकीला पाहून तिनं सवयीनं आवाज खाली घेतला आणि कुजबुजली, “जेवलीस का?”

“कुजबुजू नकोस,” गोदा म्हणाली. “मोठ्यानं बोल. मला आता चालेल.”

मृण्मयीचे हात मंजीच्या केसांत थांबले.

“आई, मी इतकी वर्षं स्वतःला दोष देत आले,” गोदा म्हणाली. तिचा आवाज शांत होता, फार दिवस आजारी असलेल्या माणसाचा ताप उतरल्यावर असतो तसा. “तुझा आवाज ऐकून शहारा येई, आणि मला वाटे, बिचारी माझी आई, हिचा काय दोष? माझंच डोकं बिघडलंय. त्या दिवशी घरात तू माझ्या कानात काय म्हणालीस? काठ राहणार नाही, तू मंजीला घेऊन जा. आणि सकाळी सगळ्या गावाला काय सांगितलंस? आपल्या माणसांना गुपचूप बाहेर काढायचं आणि लोकांना म्हणायचं, स्वस्थ झोपा. का केलंस ते मी विचारत नाही. म्हातारपणी चार टाळ्यांचा मोह झाला असेल. पण मला एक कळलं. माझं डोकं बिघडलेलं नव्हतं. पाठ बरोबर होता.”

मृण्मयीला पुष्कळ बोलता आलं असतं. पण आता खरं सांगितलं तर ते कुठल्या तोंडानं, आणि ऐकणार कुठले कान? शिवाय लेकीच्या चेहऱ्यावरचा ताण नाहीसा झालेला तिला दिसत होता. इतक्या वर्षांत ती आईसमोर अशी मोकळी कधी उभी राहिली नव्हती. आईला टाकून का होईना, ती सुटली होती.

“सोमवारी इथंच शाळेच्या तंबूत टोपडी लावणार आहेत,” गोदा म्हणाली. “घरच्यांना विचारून मग मुलाला बसवतात, म्हणून विचारते. मंजीला बसवू का?”

मृण्मयीला सगळं स्पष्ट दिसलं. ‘बसव गं, अगदी नक्की बसव,’ असं आपण लाडानं म्हटलं की हिच्या अंगावर काटा येईल. ही पोरीला घेऊन मागे सरेल आणि सोमवारी शाळेकडे फिरकणार नाही. एक वाक्य. गावाला हलवलं, त्याच्यापुढे ही तर एकटी. मंजी आपली राहील. तिला पुन्हा मोठ्यानं गोष्टी सांगता येतील, ती कॉलेजात जाईल तेव्हाही आपण तिला दारातून हाक मारू शकू. शब्द ओठांवर आलेसुद्धा.

पण सभेत ती खोटं बोलली ते गावासाठी. आज बोलली असती तर स्वतःसाठी. लोक कुठल्या दोरीनं हलतात हे कळल्यावर जो पहिल्यांदा दुसऱ्यांसाठी ती दोरी ओढतो आणि मग एक दिवस स्वतःसाठी ओढतो, त्याच्याचपासून मुलांना वाचवायला तिनं उभं आयुष्य घातलं होतं. खरं बोललं तर काय होणार हेही तिला दिसत होतं. लेकीला पुन्हा फसवायचं नाही, एवढंच आता तिच्या हातात होतं.

“नको बसवूस,” ती आपल्या खऱ्या आवाजात म्हणाली. “गोदा, पाया पडते तुझ्या. नको बसवूस तिला.”

गोदाच्या खांद्यांवरून एक शहारा गेला. ह्या वेळी तिनं तो आवरला नाही.

“वाटलंच मला,” ती म्हणाली, आणि मंजीचं नाव द्यायला शाळेच्या तंबूकडे गेली.

मंजी आ वासून आजीकडे पाहत होती. “आजी! तू आईशी मोठ्यानं बोललीस?”

“हो गं.”

“मग आता आपण सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायचं?”

“बोलू या की,” मृण्मयी म्हणाली. तिनं नातीची अर्धी राहिलेली वेणी पुन्हा हातात घेतली. “सोमवारपर्यंत बोलू.”